भिंतीत गेलेली वीट



शिंप्याकडे आपण कापड देतो, तो कोट शिवतो आणि मजुरी हातावर पडल्याखेरीज कोट देत नाही. सोनाराचा, घड्याळजीचा, कल्हईवाल्याचा हाच शिरस्ता आहे. त्यासाठी त्यांपैकी कोणाला वकील गाठावा लागत नाही, की न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. वस्तू आपल्या ताब्यात आहे एवढेच त्यांचे बळ असते आणि ते पुरते. कायद्याच्या परिभाषेत या हक्काला धारणाधिकार असे नाव आहे. मजुरी मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवण्याचा हक्क, असा त्याचा साधा अर्थ.

आता गवंड्याकडे पाहा. त्याने चुना किंवा सिमेंट कालवले, वीट उचलली आणि भिंतीत बसवली. त्या क्षणी ती वीट त्याची राहिली नाही. भिंत जमिनीला चिकटली आणि जमीन दुसऱ्याची आहे. पैसे मिळाले नाहीत म्हणून भिंत काखोटीला मारून त्याला घरी नेता येत नाही. घराला कुलूप लावून बसावे, तर तोच अपराधी ठरतो. बांधकाम करणाऱ्याला आपल्याकडे कोणी कंत्राटदार म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे ठेकेदार म्हणतात, हैदराबादेकडे गुत्तेदार म्हणतात. नाव कोणतेही असो, त्याची मूळ अडचण एकच आहे. त्याचा माल आणि त्याचे श्रम परत न घेता येण्याजोग्या ठिकाणी जातात, आणि पैसा मात्र मागाहून यावयाचा असतो.

या अडचणीवर निरनिराळ्या समाजांनी कोणकोणते उपाय योजले आणि ते उपाय कोणापर्यंत पोहोचले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आजच्या भाषणात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने जी नियमावली शिळेवर कोरविली, तीत घर बांधणाऱ्याची मजुरी ठरवून दिलेली आहे. घराच्या प्रत्येक 'सार'मागे, म्हणजे सुमारे ३६ चौरस मीटर क्षेत्रामागे, दोन शेकेल चांदी असा तो दर होता. परंतु पुढचेच कलम असे की, बांधलेले घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहान्त शासन व्हावे. दर ठरला, दायित्व ठरले. पण मालकाने दर दिलाच नाही तर बांधणाऱ्याने काय करावे, याचा उल्लेख तेथे नाही. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे. ती मालकाच्या सद्सद्विवेकाला उद्देशून आहे.

रोमन लोकांनी या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले. मार्कस ऑरेलियस हा सम्राट असताना तेथील सिनेटने असा ठराव केला की, पडलेली इमारत पुन्हा उभारण्यासाठी ज्याने कर्ज दिले, त्याला त्या इमारतीवरच गहाणदाराचा हक्क आपोआप मिळावा. आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो तसाच हा प्रकार, एवढेच की तो करारावाचून कायद्यानेच चढत होता. इमारतीत जे गेले त्याची जबाबदारी इमारतीनेच घ्यावी, ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. मात्र रोमचा हा उपाय पैसा घालणाऱ्यासाठी होता. घाम गाळणाऱ्यासाठी तसा उपाय निघण्यास पुढे सोळा शतके जावी लागली, आणि तो निघाला एका नव्या शहराच्या गरजेतून.

ते शहर म्हणजे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तेथे १७९० च्या जुलै महिन्यात काँग्रेसने कायदा करून असे ठरविले की, संयुक्त संस्थानांची राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी वसवावी आणि १८०० च्या डिसेंबरात सरकारने तेथे राहावयास जावे. हाती दहा वर्षे होती. जागेवर शेते होती, रान होते, दलदल होती. जवळ जॉर्जटाऊन हे लहानसे बंदर होते. तिजोरीत तर खडखडाट होता. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी देखरेखीसाठी टॉमस जॉन्सन, डॅनियल कॅरोल आणि डेव्हिड स्टुअर्ट असे तीन आयुक्त नेमले. आराखडा करण्याचे काम प्येर शार्ल लांफां या फ्रेंच जातीच्या अभियंत्याकडे आले. योजना अशी की, भूखंड विकावेत आणि त्या पैशातून सरकारी इमारती उभाराव्यात. पण रानात भूखंड घेणार कोण? आणि घेतला तरी त्यावर घर बांधावयास कारागीर येणार कोठून? बाल्टिमोर-फिलाडेल्फियात ज्याला काम आहे, त्या गवंड्याने आपले माणूसबळ घेऊन या ओसाड जागी यावे, पदरचे पैसे घालून विटा भाजाव्यात, लाकूड आणावे आणि मग अनोळखी मालकाच्या शब्दावर विसंबून राहावे, ही अपेक्षा फार होती.

सप्टेंबर १७९१ मध्ये जॉर्जटाऊन येथे आयुक्तांची बैठक झाली. त्या वेळी परराष्ट्रमंत्री असलेले टॉमस जेफरसन आणि प्रतिनिधिगृहाचे सभासद जेम्स मॅडिसन हे दोघे तिला उपस्थित होते. शहराला वॉशिंग्टनचे नाव द्यावयाचे, असे याच बैठकीत ठरले. त्याच वेळी आणखी एक गोष्ट ठरली, ती मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाला अशी विनंती करावयाची की, प्रमुख कारागिरांना त्यांनी बांधलेल्या घरावर आणि घराखालच्या जमिनीवर कायद्याने बोजा मिळावा. पोटोमॅकच्या त्या काठावर तेव्हा मेरीलँडचाच कायदा चालत होता. विधिमंडळाने १९ डिसेंबर १७९१ रोजी राजधानीसंबंधी जो कायदा केला, त्याच्या दहाव्या कलमात ही विनंती मान्य झाली. अमेरिकेत 'मेकॅनिक्स लिएन' या नावाने पुढे जो कायदा देशभर पसरला, त्याचा हा उगम होय.

या कलमाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यातील बहुतेक अटी आजही निरनिराळ्या रूपांत टिकून आहेत. पहिली अट अशी की, करार लेखी असला पाहिजे. तो आयुक्तांपैकी एकापुढे, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा जॉर्जटाऊनच्या नगरपित्यापुढे मान्य करून द्यावा आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दस्तऐवजांच्या कचेरीत नोंदवावा. दुसरी अट मुदतीची. शेवटचे काम झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागितली पाहिजे. तशी ती मागितली, तर गहाणदाराला जे उपाय मिळतात ते कारागिराला मिळतील. घर मध्यंतरी कोणाच्याही हाती गेलेले असो, ते विकून त्याला आपले पैसे वसूल करता येतील. तिसरी गोष्ट, मजुरीबरोबर त्याने पुरविलेल्या मालाचाही समावेश यात होता. चौथी, जमिनीवर आधीपासून जो कायदेशीर बोजा असेल त्याच्या पुढे हा नवा हक्क जाणार नाही. आणि पाचवी, हा उपाय जादा आहे. मालकावर नेहमीप्रमाणे फिर्याद करण्याचा मार्ग त्याने बंद होत नाही.

यातील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. घर हातात धरता येत नाही, ही कारागिराची अडचण होती. कायद्याने ती वस्तुस्थिती बदलली नाही. ती बदलणे शक्यही नव्हते. त्याने एवढेच केले की, हाताच्या पकडीच्या जागी कचेरीतील नोंद आणून ठेवली. शिंपी कोट धरून ठेवतो, गवंडी घर नोंदवून ठेवतो. ताब्याचे काम कागदाने करावे, ही युक्ती साधी आहे. पण ती सुचावयास एका रिकाम्या नगरीची निकड लागली. हा कायदा दयेपोटी झाला नव्हता. कारागीर यावेत म्हणून झाला होता, आणि तसे त्या कलमाच्या आरंभी स्पष्ट लिहिलेले आहे. अनेक चांगले कायदे असेच गरजेच्या पोटी जन्म घेतात.

आता या नगरीत पुढे काय घडले ते पाहू. भूखंडांचा पहिला लिलाव ऑक्टोबर १७९१ मध्ये, म्हणजे कायदा होण्यापूर्वी दोन महिने झाला होता आणि त्यात अवघे ३५ भूखंड विकले गेले होते. पुढे १७९३ मध्ये रॉबर्ट मॉरिस, जॉन निकल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ या तिघांनी प्रत्येकी ८० डॉलर दराने ६,००० भूखंड घेण्याचा आणि दर वर्षी विटांची वीस घरे बांधण्याचा करार केला. हप्ता सात वर्षांचा होता. मॉरिस हा साधासुधा इसम नव्हे. स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च उभा करणारा अर्थवेत्ता म्हणून त्याचा लौकिक होता. परंतु हे तिघेही उसन्या पैशावर उभे होते. हप्ते थकले, घरे अर्धवट राहिली. मॉरिस १७९८ मध्ये कर्जापायी फिलाडेल्फियाच्या तुरुंगात गेला आणि १८०१ पर्यंत तेथे राहिला. निकल्सन १८०० मध्ये तुरुंगातच वारला. मोठे नाव हे पैसे मिळण्याची हमी नसते, हा धडा त्या काळच्या गवंड्या-सुतारांना डोळ्यांपुढे मिळाला.

ज्याने या शहराचे रस्ते आणि चौक कागदावर रेखाटले, त्या लांफांची कथा तर याहून करुण आहे. त्याचे मानधन कामाआधी ठरलेलेच नव्हते. आयुक्तांशी त्याचे पटेना, म्हणून फेब्रुवारी १७९२ मध्ये त्याला कामावरून जावे लागले. त्याला ५०० गिनी आणि एक भूखंड देऊ करण्यात आला, तो त्याने अपमान मानून नाकारला. पुढे त्याने काँग्रेसकडे ९५,५०० डॉलरची मागणी केली; तिचा अगदी लहानसा अंश त्याच्या पदरी पडला. १८२५ साली तो दारिद्र्यात मेला. १९०९ मध्ये त्याच्या अस्थी सन्मानपूर्वक आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्यात आल्या. राष्ट्राने उशिरा का होईना मान दिला; पण देयक चुकते झाले ते नाहीच. लेखी करार हीच ज्या कायद्याची पहिली अट होती, त्याच शहराच्या आराखड्याच्या कर्त्याजवळ असा करार नव्हता, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

परंतु सर्वांत खोल गेलेला अन्याय याहून वेगळा आहे. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आणि काँग्रेसची इमारत उभारताना खाणीतून दगड काढणे, लाकूड कापणे, विटा करणे ही कष्टाची कामे मोठ्या प्रमाणावर गुलामांनी केली. आयुक्त त्यांना वर्षाच्या बोलीने घेत आणि ठरलेला पैसा त्यांच्या मालकांना देत. त्या वेळची हजेरीपत्रके आजही उपलब्ध आहेत. त्यांत टॉम, पीटर, बेन, हॅरी अशी नुसती नावे आहेत, त्यांना आडनाव नाही. आणि रक्कम आहे ती दुसऱ्याच्या खात्यावर. १७९१ च्या कलमात 'कारागीर' हा शब्द आहे, पण टॉम किंवा पीटर यांना लेखी करार करण्याचाच अधिकार नव्हता. ज्याला स्वतःच्या श्रमावर हक्क नाही, त्याला घरावर बोजा कोठून मिळणार? या श्रमांचे स्मरण म्हणून काँग्रेसच्या अभ्यागत-दालनात एक शिळा बसविण्यास २०१२ साल उजाडावे लागले. ती शिळा इमारतीच्या जुन्या भागातून काढलेल्या दगडाची आहे. हा कायदा कोणत्या पायरीपर्यंत उतरला आणि कोणत्या पायरीवर थांबला, हे या एका गोष्टीवरून कळून येते.

कायद्याची कक्षा पुढे हळूहळू रुंदावली. पेनसिल्व्हेनिया राज्याने १८०३ साली फिलाडेल्फिया शहरासाठी असाच कायदा केला आणि त्यात वीटभट्टीवाला, चुन्याचा व्यापारी, लोहार, लाकूडवाला अशा माल पुरविणाऱ्यांनाही घेतले. एकोणिसाव्या शतकात राज्यामागून राज्य हा मार्ग धरत गेले. तेव्हा एक नवा पेच उभा राहिला, तो आपल्याकडेही परिचयाचा आहे. मालकाने मुख्य कंत्राटदाराला सगळे पैसे दिले, पण कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराला आणि लाकूडवाल्याला दिले नाहीत, तर काय? काही राज्ये म्हणाली की, पोटकंत्राटदाराचा बोजा घरावर सरळ बसेल, मग मालकाने वरती काहीही दिलेले असो. यात मालकाला एकाच कामाचे पैसे दोनदा देण्याची पाळी येण्याचा धोका होता. न्यूयॉर्कच्या पद्धतीची राज्ये म्हणाली की, मालकाकडून कंत्राटदाराला जेवढे येणे बाकी असेल तेवढ्यापुरताच खालच्यांचा हक्क राहील. यात मालक सुरक्षित, पण खालचा माणूस उघड्यावर. दोन निरपराध माणसांपैकी नुकसान कोणी सोसावे, असा हा प्रश्न आहे आणि त्याचे सर्वांना रुचेल असे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

दुसरा पेच सरकारी इमारतींचा. सरकारी कचेरी किंवा पूल लिलावात काढून गवंड्याचे पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १८९४ मध्ये आणि पुढे अधिक नेटकेपणाने १९३५ मध्ये कायदा करून असे ठरविले की, संघ सरकारचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराने मजूर व माल पुरविणारे यांच्या पैशासाठी जामीनपत्र आधीच द्यावे. म्हणजे जेथे घर जबाबदार धरता येत नाही, तेथे जामीनदार जबाबदार. या दुसऱ्या कायद्याला 'मिलर ॲक्ट' म्हणतात. मूळ तत्त्व तेच राहिले, आधार तेवढा बदलला.

युरोपात फ्रान्सने १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेत वास्तुशिल्पी, कंत्राटदार, गवंडी यांना त्यांच्या कामाने वाढलेल्या किमतीवर अग्रहक्क दिला. त्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाने कामाआधी जागेची स्थिती नोंदवावी आणि काम संपल्यावर सहा महिन्यांच्या आत पुन्हा पाहणी करावी, अशी अट होती. त्याच संहितेत आणखी एक लहानसे कलम आहे. कंत्राटदाराने नेमलेल्या गवंड्या-सुतारांना थेट मालकावर दावा करता येतो. मात्र मालक कंत्राटदाराचे जेवढे देणे लागतो तेवढ्यापुरताच.

इंग्लंडने ही वाट धरली नाही. जमिनीला जे जोडले गेले ते जमिनीच्या मालकाचे, हे रोमन काळापासूनचे सूत्र तेथे कसोशीने पाळले गेले. ते किती कठोर होते हे १८९८ साली निकालात निघालेल्या 'सम्टर विरुद्ध हेजेस' या खटल्यावरून दिसते. सम्टर या कंत्राटदाराने हेजेसच्या जमिनीवर दोन घरे आणि तबेले ५६५ पौंडांना बांधून देण्याचे कबूल केले. सुमारे ३३३ पौंडांचे काम झाल्यावर त्याच्याजवळचा पैसा संपला आणि काम थांबले. काही रक्कम त्याला मिळाली होती. उरलेल्या कामाची किंमत त्याने मागितली. हेजेसने इमारती पुऱ्या करून घेतल्या होत्या. न्यायालयाने सांगितले की, संपूर्ण कामाचा एकच करार होता, तो पुरा झाला नाही, तेव्हा केलेल्या कामाचे पैसे मागता येणार नाहीत. अर्धवट घर आपल्याच जमिनीवर उभे असताना ते नाकारण्याची मोकळीक मालकाला नव्हती. म्हणून ते त्याने स्वखुशीने स्वीकारले असे म्हणता येत नाही. मात्र आवारात जो सुटा माल पडला होता तो हेजेसने वापरला, त्याची किंमत सम्टरला मिळाली. म्हणजे सुट्या विटांचे मोल झाले आणि भिंतीत गेलेल्या विटांचे झाले नाही! आजच्या विषयातील सारी अडचण या एका निकालात सामावलेली आहे.

त्या देशाला पुढे दुसरा मार्ग शोधावा लागला. सर मायकेल लेथम यांनी १९९४ साली बांधकाम धंद्याविषयी अहवाल दिला आणि त्यानंतर १९९६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. पंचेचाळीस दिवस किंवा त्याहून अधिक चालणाऱ्या कामाचे पैसे हप्त्याहप्त्याने मागण्याचा हक्क त्याने दिला. 'मला वरून मिळाले की तुला देईन' ही कंत्राटातील अट सामान्यतः निरर्थक ठरविली. पैसे थकले तर सूचना देऊन काम थांबविण्याची मुभा दिली, आणि वाद झाल्यास निवाडाधिकाऱ्याने साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत तात्पुरता निर्णय द्यावा, असे ठरविले. घर धरून ठेवण्यापेक्षा पैसा वाहता ठेवावा, हा त्यामागील विचार आहे. न्यूझीलंडची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. त्या देशाने १८९२ मध्ये कारागिरांना बोजाचा हक्क दिला, १९८७ मध्ये तो रद्द केला आणि २००२ मध्ये इंग्लंडच्या धर्तीवर नवा कायदा करून संरक्षणाची निराळी सोय केली. संरक्षण काढून घेता येते, पण त्याची गरज काही नाहीशी होत नाही.

आपल्या देशात काय आहे? १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमात धारणाधिकार आहे आणि त्याची उदाहरणे तर आरंभी सांगितली तशीच आहेत. पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिलेला हिरा आणि कोट शिवण्यासाठी शिंप्याकडे दिलेले कापड! हक्क आहे तो हातात मावणाऱ्या वस्तूंचा. घरावर बोजा चढविणारा अमेरिकेसारखा कायदा आपण केलेला नाही. परंतु त्याच कायद्याच्या सत्तराव्या कलमात एक मोठी न्यायाची गोष्ट आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे, असे ते कलम सांगते.

या कलमाचे सामर्थ्य एका बंगाली खटल्यात प्रकट झाले. १९४४ साली, हुगळी जिल्ह्यातील आरामबाग येथे बी. के. मंडल अँड सन्स या पेढीने नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, कचेरी, स्वयंपाकघर आणि साठ्यासाठी छपऱ्या बांधल्या. खाते त्या वापरू लागले. देयक सुमारे १९,००० रुपयांचे होते, ते मिळेना. सरकारचे म्हणणे असे पडले की, १९३५ च्या कायद्याप्रमाणे सरकारशी होणारा करार विशिष्ट रीतीने लिहिलेला असावा लागतो, तसा तो नाही, म्हणून देणेच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९६१ मध्ये बहुमताचा निकाल लिहिला तो सातारचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. त्यांनी करार वैध ठरविला नाही. कायद्याचे ते बंधन त्यांनी पाळले. परंतु सत्तरावे कलम करारावर अवलंबून नाही, असे त्यांनी दाखवून दिले. सरकारला ते बांधकाम नाकारता आले असते, काढून न्या म्हणता आले असते. ते न करता ज्या अर्थी त्याचा उपयोग केला, त्या अर्थी मोबदला देणे प्राप्त आहे. इंग्लंडात सम्टरला जो न्याय मिळाला नाही, तो येथे मंडल पेढीला मिळाला. पण निकालाची तारीख पाहावी. छपऱ्या १९४४ च्या, निकाल १९६१ चा. सतरा वर्षे तग धरून राहणे सगळ्याच कंत्राटदारांना साधेल, असे नाही.

आणि कंत्राटदाराच्या खाली जो आहे, त्याचे काय? डोक्यावर घमेले वाहणारी बाई आणि परातीतला गिलावा थापणारा माणूस यांनी कोणाशी लेखी करार करावयाचा? या बाबतीत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने योग्य दिशा धरली. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर मूळ मालकाने ती द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे त्याने ठरविले. संसदेने २०२० साली केलेल्या श्रमसंहितेतही हे तत्त्व कायम ठेवलेले आहे. ज्याच्यासाठी भिंत उभी राहिली त्याने ती उभारणाऱ्याला विन्मुख पाठवू नये, हाच त्यातील विचार.

या साऱ्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली व्यवहाराची. वॉशिंग्टनच्या त्या दहाव्या कलमापासून आजच्या कायद्यांपर्यंत, ज्याच्याजवळ लेखी करार आहे, वेळेवर केलेली मोजमापे आहेत, जादा कामाचा हुकूम लेखी आहे आणि जो मुदतीत दाद मागतो, त्याचाच हात वर राहिला आहे. शब्दावर काम करणे हे मोठ्या मनाचे लक्षण असेल. परंतु लांफांचे उदाहरण विसरू नये. लहान कंत्राटदारांनी, आणि घर बांधून घेणाऱ्यांनीही, एवढी खबरदारी घेतली तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

दुसरी गोष्ट न्यायाची आहे. कागद ज्याला करता येतो, त्याचे रक्षण कागद करतो. ज्याला तो करता येत नाही, त्याच्यासाठी कायद्याने स्वतः पुढे झाले पाहिजे. बाबिलोनने दर ठरविला, रोमने सावकाराला आधार दिला, मेरीलँडने प्रमुख कारागिराला दिला, पेनसिल्व्हेनियाने माल पुरविणाऱ्याला दिला. असे एकेक पायरी न्याय खाली उतरत आला. टॉम आणि पीटर यांच्यापर्यंत तो त्यांच्या हयातीत पोहोचला नाही. आपल्या गावात जेथे कोठे नवी इमारत उठत असेल, तेथे तो शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत दर आठवड्याच्या पगाराला पोहोचतो की नाही, हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.